दुधाळ पिशवी

१

वर्कशॉपमधल्या फ्रीजचं दार सताड उघडं होतं. वरच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या होत्या, मधल्या कप्प्यात एक मोठा केक होता आणि दारातल्या खणात, जिथे माझ्या भावाचं औषध असायला हवं होतं, तिथे काहीही नव्हतं. दुपारी त्या रिकाम्या खणात हात घालून तो चाचपडला असणार. संध्याकाळी मी तिथे उभी होते आणि तो शवागारात होता.

त्याचं दुखणं वडिलांकडून आलेलं. रक्तातलं एक प्रथिन जन्मापासून कमी, त्यामुळे काही निमित्त झालं की अंग सुजायचं. कधी हात, कधी ओठ. घसा सुजला तर मात्र खेळ खलास. वडील असेच गेले, तेव्हा यावर औषध मिळत नव्हतं. मला हे दुखणं आलं नाही, धाकट्याला आलं. आता औषध मिळतं. हजारो लोकांनी दिलेल्या प्लाझ्मातून, म्हणजे रक्तातल्या पिवळ्या पाण्यातून, तेच प्रथिन वेगळं काढून छोट्या बाटलीत भरतात. ती बाटली धाकटा जाईल तिथे बरोबर न्यायचा. आदल्या संध्याकाळी त्याची दाढ काढली होती. त्याआधी त्याने एक डोस टोचून घेतला होता आणि दुसरा राखून ठेवला होता, कारण दाढ काढल्यावर सूज दुसऱ्या दिवशीही येऊ शकते.

तशी ती आली. त्याने बायकोला फोन केला, पण आवाज फुटेना. "बाटली नाही," एवढंच तिला कळलं. ॲम्ब्युलन्स आली, जवळच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे ते औषध नव्हतं, आणि घशात नळी घालेपर्यंत सगळं संपलं.

पोलिसांनी नैसर्गिक मृत्यू म्हणून हात झटकले. आईने सरळ सुनेवर खापर फोडलं. हिच्यामुळेच बाटली घरी राहिली, म्हणाली, आणि ही आता माझ्या डोळ्यांसमोर नको. भावजय भिंतीला टेकून बसली होती.

मी विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासते. खोटं बोलणाऱ्यांवरच माझं पोट चालतं म्हणा ना. आणि मी शांत डोक्याची बाई नाही, कधीच नव्हते. लहानपणी धाकट्याला कोणी नुसती टपली मारली तरी मी त्या पोराच्या घरापर्यंत जायचे. फ्रीजसमोर उभी राहून मी स्वतःला सांगितलं, बाटली विसरली असेल तर प्रश्न मिटला. पण कोणी उचलली असेल, तर त्याला मी मातीत घालीन.

मग माझं लक्ष केककडे गेलं. त्यातला एक चांगला जाडजूड तुकडा कापलेला होता.

२

त्या दिवशी धाकट्याचा वाढदिवस होता. केक भावजयीने केलेला, वर लोण्याचा जाड थर. सकाळी ती वर्कशॉपवर जाऊन तो फ्रीजमध्ये ठेवून आली, संध्याकाळी कामावरची माणसं परतली की कापायचा म्हणून. ठेवला तेव्हा अख्खा होता, ती शपथेवर सांगत होती. आणि दाराच्या खणात बाटली होती, तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

"ताई, तिच्या झाकणावर लाल ठिपका होता. नेहमीसारखा," ती म्हणाली. "माझ्यावर विश्वास ठेवा अथवा नका ठेवू."

लाल ठिपका ही धाकट्याची खोड. त्याचं वर्कशॉप लिफ्टच्या दुरुस्तीचं. जो नट त्याने स्वतः आवळला किंवा तपासला, त्यावर तो ब्रशने लाल ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे हे मी पाहिलंय, याला कोणी हात लावू नका. घरात चहाच्या डब्यावर ठिपका, चपलांवर ठिपका. आम्ही त्याची फार थट्टा करायचो.

भावजयीवर विश्वास ठेवायची माझी तयारी नव्हती, खरं सांगते. तिचं नि धाकट्याचं महिनाभर बिनसलं होतं, ती माहेरी जायच्या गोष्टी करत होती. पण तो केक माझ्या डोक्यातून जाईना. धाकट्याने स्वतः तो खाल्ला नव्हता, दंतवैद्याने त्याला चावायची बंदी केली होती. कामाची माणसं सकाळपासून बाहेरच्या इमारतींवर होती. सिंकशेजारी एकच बशी धुऊन पालथी घातली होती. म्हणजे सकाळी कोणीतरी पाहुणा आला. धाकट्याने त्याला केक खाऊ घातला, त्याची बशीही धुतली. आणि मग धाकटा मेला तरी कोणी पुढे येऊन सांगत नव्हतं, की बाबांनो, मी त्याला सकाळी भेटलो होतो.

असा पाहुणा मुका का राहतो?

३

वर्कशॉपची किल्ली तिघांकडे होती. भावजय, मिस्त्री आणि भागीदार.

मिस्त्री म्हणजे धाकट्याचा सगळ्यात जुना माणूस. कामावर दारू पिऊन आला म्हणून धाकट्याने त्याला महिन्यापूर्वी घरी बसवलं होतं. मी त्याच्या खोलीवर गेले तेव्हा तो स्टोव्हची पिन साफ करत होता. आधी म्हणाला, मी तिकडे फिरकलोच नाही. मी नुसती बघत राहिले. माझं हे बघणं लोकांना सोसत नाही. शेवटी त्याने कबूल केलं की तो सकाळी दारापर्यंत गेला होता, कामावर परत घ्या म्हणून सांगायला. आतून धाकट्याचा आवाज आला. तो हसत कोणाला तरी म्हणत होता, माझ्या वाट्याचाही खाऊन टाक. मिस्त्रीला वाटलं, लोक आनंदात आहेत, आपण कुठे रडकं तोंड घेऊन जायचं. तो तसाच मागे फिरला. आत कोण होतं ते त्याने पाहिलं नाही.

त्याचं बोलणं मला निम्मं खरं वाटलं. निघताना मी त्याला पिशवीतला केकचा तुकडा देऊ केला. त्याने हात जोडले. त्याला साखरेचा आजार, पायाची दोन बोटं त्यातच गेलेली, त्याने पट्टी सोडून दाखवली.

राहिला भागीदार. त्याला सगळे दाता म्हणायचे. प्लाझ्मा द्यायला तो वर्षानुवर्षं नियमाने जात असे, केंद्राच्या भिंतीवर त्याचा फोटो होता. धाकटा तर त्याला लोकांसमोर मिठी मारून सांगायचा, याच्या अंगातलंच काहीतरी माझ्या बाटलीत असेल बघा. असा देवमाणूस. धाकटा गेल्यावर सगळ्यात मोठ्याने तोच रडला होता.

त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या दिवसाबद्दल विचारलं तर उत्तर तयार होतं. दुपारी त्याची केंद्रावर वेळ ठरलेली होती. प्लाझ्मा द्यायचा म्हणजे तळलेलं, लोणी, साय सगळं वर्ज्य. सकाळी कोरा टोस्ट आणि उकडलेलं अंडं खाल्लं, तांब्याभर पाणी प्यायला, घरून थेट केंद्रावर गेला. वर्कशॉपचं तोंडही पाहिलं नाही.

"हवं तर केंद्रावर विचारा, ताई," तो म्हणाला. "माझा एक हात मशीनला बांधलेला होता. तो तिकडे तडफडत होता आणि मी इकडे दुसऱ्या कोणाचा तरी जीव वाचवत होतो. हे मला जन्मभर डाचणार."

त्याचे डोळे भरून आले. माझेही आले असते, पण धाकट्याचं शेवटच्या आठवड्यातलं एक वाक्य मला त्याच क्षणी आठवलं. हॉस्पिटलच्या लिफ्टवर एकाही नटाला ठिपका नाही, ताई, काम न करताच पूर्ण दाखवलंय, उद्यापरवा वर कळवावं लागेल. तेव्हा मी मोबाईलवर काहीतरी बघत हं हं केलं होतं.

त्या लिफ्टचं काम कोणी केलं, असं मी दात्याला सहज विचारलं. मीच, तो म्हणाला. आणि त्याने ग्लास उचलून घेतला, मी पाणी अजून प्यायले नव्हते तरी.

४

केंद्रावर मी चौकशीला गेले नाही. चौकशीला गेलं की लोक दारं लावून घेतात. मी प्लाझ्मा द्यायला आलेय म्हणून गेले.

तिथल्या सिस्टर म्हणजे ठेंगणी, बोलघेवडी बाई. तिने माझं वजन केलं, रक्तदाब पाहिला, बोटाला टोचून एक थेंब घेतला आणि रक्तात प्रथिनं पुरेशी आहेत का ते तपासलं. वय, आजार, औषधं, परदेश प्रवास, गोंदवून घेतलंय का, एकेक विचारत गेली. पहिल्या वेळी सगळं तपासायला वेळ लागतो, पुढच्या वेळी लवकर सुटाल, म्हणाली. हाताला सुई एकच. मशीन थोडं रक्त ओढतं, त्यातला पिवळा प्लाझ्मा बाजूला काढतं आणि लाल पेशी त्याच सुईने परत अंगात सोडतं. पुन्हा ओढतं, पुन्हा सोडतं. पेशी परत मिळतात म्हणून अख्खं रक्त देण्यापेक्षा हे लवकर लवकर देता येतं. रक्त गोठू नये म्हणून त्यात एक औषध मिसळतात, त्याने ओठांना मुंग्या आल्या तर लगेच सांगायचं, शूरपणा करायचा नाही. नंतर भरपूर पाणी प्यायचं, त्या हाताने जड उचलायचं नाही, चक्कर आली तर आहे तिथे बसायचं.

"आणि जेवून यायचं, पण तुपाचं, लोण्याचं काही नको," ती म्हणाली. "जेवणातली चरबी दोन-तीन तासांत रक्तात उतरते. मग पिशवी पिवळी भरत नाही, दुधासारखी पांढरी भरते. सगळं फुकट जातं."

असं खरंच होतं का, मी विचारलं. तेवढंच पुरलं.

सिस्टरने कपाळावर हात मारला. परवाच झालं म्हणे, आणि तेही कोणाचं, तर आमच्या सगळ्यात जुन्या माणसाचं, ज्याचा आजवर एक थेंब बाद झाला नव्हता. नाव काही सांगणार नाही, म्हणाली, ते नियमात बसत नाही. पण बोलता बोलता तिची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. मीही तिकडे पाहिलं. फोटोत दाता हसत होता.

 सिस्टर बोलतच होती. बिचाऱ्याचा चेहरा पडला हो. मला मशीन मध्येच थांबवावं लागलं, म्हणाली. तोंड पुसायला हवा म्हणून त्याने आधीच कापूस मागून घेतला होता, एवढा मोठा. आणि जाताना मलाच विचारतो, सिस्टर, ही कचऱ्याची पिवळी पिशवी आज संध्याकाळी जाळायला जाते ना?

प्रत्येक खाटेला एक पिवळी कचऱ्याची पिशवी अडकवलेली होती. वापरलेल्या नळ्या, कापूस, हातमोजे सगळं त्यात.

"मग गेली का जाळायला?" मी विचारलं.

"नाही ना. म्हटलं हो जाते, त्याला कशाला घाबरवा. पण प्लाझ्मा बाद झाला की त्या खाटेचं सगळंच, भरलेली पिशवी, नळ्या, खालचा कचरासुद्धा, आम्ही बांधून ठेवतो. दोष मशीनचा की माणसाचा ते डॉक्टर बघतात, मग जाळायला देतात. डॉक्टर रजेवर होते, आज दुपारी येतायत."

दुपार व्हायला फारसा वेळ उरला नव्हता. मी तशीच उठले. सिस्टर म्हणाली, अहो, तुमचा नंबर आलाय. मी म्हटलं, नंबर राहू दे, तुम्ही थांबा आणि त्या गाठोड्याला कोणाला हात लावू देऊ नका.

५

इन्स्पेक्टर माझ्या ओळखीचा. खोट्या दाव्यांची किती प्रकरणं मी त्याला आयती नेऊन दिली होती. तरी त्याने कुरकुर केली. मला बरंच समजवावं लागलं, पण केंद्राच्या डॉक्टरांशी बोलून तो आला. मग सिस्टरने दात्याला फोन केला की तुमच्या परवाच्या पिशवीबद्दल डॉक्टरांना बोलायचंय.

तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. आत मी, इन्स्पेक्टर, डॉक्टर आणि टेबलावर दोन वस्तू. एक फ्रीझरमधून काढलेली प्लाझ्माची पिशवी, खरवसासारखी पांढरी. दुसरी गाठ मारलेली पिवळी पिशवी. ती पाहून तो दारातच थबकला, पण मग बसला. देवमाणसाला लगेच पळता येत नाही.

मी त्याला त्या दिवशी सकाळी काय खाल्लं ते पुन्हा विचारलं. कोरा टोस्ट, तो म्हणाला. मी पांढऱ्या पिशवीकडे बोट केलं. आदल्या रात्री तेलकट झालं असेल, तो म्हणाला. डॉक्टरांनी मान हलवली. निरोगी माणसाचं रात्रीचं जेवण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रक्तात असं दिसत नाही, आणि तुमचं तर इतकी वर्षं कधीच दिसलं नाही. हे त्याच सकाळचं, आणि भरपूर लोण्याचं. मग दाता हसला. बरं बाबा, घरी थोडं लोणी लावलं टोस्टला, लाज वाटली म्हणून सांगितलं नाही. लोणी खाल्लं म्हणून फाशी देणार का?

"नाही," मी म्हटलं. "ऐक. सकाळी तू वर्कशॉपवर गेलास. धाकट्याने हॉस्पिटलच्या लिफ्टचं वर कळवू नये म्हणून गेलास. त्याने ऐकलं नाही, पण तो तुझ्यावर रागावलाही नाही, कारण तो तुला भाऊ मानत होता. त्याचा वाढदिवस होता. त्याने तुला केक कापून दिला. आज प्लाझ्मा द्यायचाय, लोणी चालत नाही असं म्हणाला असतास, तर त्याने तुला लगेच केंद्रावर पिटाळलं असतं, आणि तुला तर अजून फ्रीजजवळ थांबायचं होतं. म्हणून तू खाल्लास. त्याने स्वतःच्या वाट्याचाही खायला लावला. मग तो पाठमोरा होऊन तुझी बशी धुवायला लागला आणि तू फ्रीज उघडलास. दाढ काढलीय हे तुला माहीत होतं. सूज येणार, कदाचित येणारही नाही, पण आली तर हात रिकामा राहील."

 बाहेर एका खाटेशेजारी मशीन गुरगुरत होतं.

"बाटली रस्त्यात टाकली असतीस तर कोणाला तरी सापडली असती. तुला वाटलं, इथली पिवळी पिशवी कोणी उघडत नाही, संध्याकाळी जळून जाते. आणि त्याच वेळी इथे असल्याचा पुरावाही मिळतो. बाद झालेल्या माणसाचा कचरा राखून ठेवतात हे तुला ठाऊक नव्हतं, कारण तुझा प्लाझ्मा कधी बाद झालाच नव्हता. माझ्या भावाने खाऊ घातलेल्या केकने तो पहिल्यांदा बाद झाला."

इन्स्पेक्टरने हातमोजे घातले आणि गाठ सोडली. नळ्या निघाल्या, पट्ट्या निघाल्या. तळाशी कापसाचा मोठा गोळा होता. त्याने तो हळूच उकलला. आत काचेची छोटी बाटली, न उघडलेली, लेबल नखाने खरवडून काढलेलं. डॉक्टर म्हणाले, इथे आम्ही प्लाझ्मा घेतो फक्त, त्यापासून बनलेलं औषध या इमारतीत येतच नाही.

झाकणावर लाल ठिपका होता.

 इतका वेळ मी रडले नव्हते, तेव्हा रडले. दात्याला वाटलं असेल मी विरघळले. तो माझ्याकडे झुकून म्हणाला, "ताई, त्या लिफ्टपायी मी संपलो असतो. आणि मी इतक्या लोकांना जीव दिलाय, हे तरी धरा ना हिशेबात."

"धरलं," मी म्हटलं. "दिलेला जीव तू परत काढून घेतलास. तोही माझ्या भावाचा."

६

हॉस्पिटलची ती लिफ्ट बंद केली गेली. मिस्त्रीला भावजयीने कामावर परत घेतलं, आणि वर्कशॉप आता तीच चालवते. ज्या दिवशी बाटली सापडली त्याच दिवशी मी आईला तिच्यासमोर उभं केलं आणि म्हटलं, आता बोल.  आईने सुनेचा हात धरून स्वतःच्या गालावर ठेवला. एवढं मला पुरलं नव्हतं, पण भावजयीला पुरलं.

मी मात्र माफ करणाऱ्यांतली नाही. खटला लागला, शिक्षा झाली, लोक म्हणाले, ताई, आता विसरा. मी केंद्रावर गेले आणि त्याचा फोटो भिंतीवरून काढायला लावला. खिळाही काढायला लावला, भिंतीवर चुना लावेपर्यंत मी तिथून हलले नाही.

त्यानंतर मी प्लाझ्मा द्यायला लागले. पुण्य वगैरे कमवायला नाही. त्याची ती खाट मला हवी होती. आदल्या दिवसापासून पाणी पिते, लोण्याला शिवत नाही. धाकट्यासारखं घसा सुजून बसलेलं कोणीतरी कुठेतरी असेल, त्याच्या बाटलीत माझं काहीतरी असेल.

एकदाच मी तुरुंगात दात्याला भेटायला गेले. तो वाळला होता. काचेपलीकडून त्याने विचारलं, माफी द्यायला आलात का. मी बाही वर केली आणि कोपराच्या खोबणीतली पट्टी त्याला दाखवली. त्याच्या चटकन लक्षात आलं, तो त्या पट्टीकडे बघतच राहिला.

"डॉक्टरांना विचारून आले," मी म्हटलं. "कैद्यांचा प्लाझ्मा ते घेत नाहीत. सुटल्यावरसुद्धा तुझा घेणार नाहीत, मी सांगून ठेवलंय. माझा घेतात."

त्याने मान खाली घातली. पहारेकरी वेळ संपली म्हणाला, पण मी बाही तशीच वर ठेवून बसले होते, तो पुन्हा बघेपर्यंत.